बारा-पन्नासचं खोटं

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे आणि मला राग आलेला आहे.

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या गोष्टीत गोड गोड काही नाही. ज्यांना तसलं काही ऐकायचं असेल त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे जावं. ते दिवसभर टिकटिक करतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझं तसं नाही. मला दाबलं की मी धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की शून्यावर येतो. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामात माणसांनी मला खोटं बोलायला लावलं आणि वर मलाच खोटारडं ठरवलं. मग राग येणार नाही तर काय होणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या बाईंनी माझी चाकं बसवली. मोठा काटा सेकंदांचा, आतल्या छोट्या तबकडीवरचा काटा मिनिटांचा. वर एक गोल बटण, तीच माझी चावी. पेटीत घालण्याआधी मला तीन दिवस तपासलं. त्या बाई मला कानाशी धरून म्हणाल्या, "हे बरोबर चालतंय." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी, आणि मी ती अजून जपून ठेवली आहे.

तिथून मी आलो अग्निशमन केंद्रात. खाली बंब उभे करायची मोठी जागा, वर जवानांच्या खाटा, मागे मैदान. मैदानाची एक फेरी तीनशे मीटरची. वर्षातून एकदा प्रत्येकानं आठ फेऱ्या धावायच्या, तेरा मिनिटांच्या आत. वेळ चाचणीच्या वहीत लिहायची. जो तेरात बसला तो आगीच्या आत जाणार. जो नाही बसला त्यानं बाहेर राहायचं, पंप बघायचा, नाहीतर फोनवर बसायचं. आत जाताना नेहमी जोडीनं जायचं आणि जोडीनंच बाहेर यायचं. कोणाची जोडी कोणाबरोबर, ते वही बघून ठरायचं. ही वही नीट लक्षात ठेवा. पुढे तिनंच घात केला.

मी माणसं अंगठ्यावरून ओळखतो. पहिल्या साहेबांचा अंगठा खरखरीत होता. ते रेघेपाशी उकिडवे बसत, पावलावर नजर लावत आणि पाय रेघेवर पडला की कट्कन दाबत. कुणी पाया पडो, कुणी रडो, अंगठा हलायचा नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या भाच्याला तेरा मिनिटं एक सेकंद लागला. पोरगा वर्षभर फोनवर बसला. घरी बहिणीनं साहेबांशी अबोला धरला, पण वहीत तेरा-एकच राहिलं.

त्या काळात केंद्रात एक नवा जवान आला. बावीस वर्षांचा, चौसष्ट किलोंचा, काटकुळ्या पायांचा. पहिल्याच चाचणीत नऊ मिनिटं एक्केचाळीस सेकंद! साहेबांनी मला हलवून बघितलं, कानाशी लावलं, मग म्हणाले, "घड्याळ ठीक आहे. हा माणूस नाही, हरीण आहे." तेव्हापासून त्याचं नाव हरणा पडलं. मी त्याच्यावर जीव टाकत होतो, खोटं कशाला बोलू? वर्षभर टेबलाच्या खणात पडून मी त्या एका सकाळची वाट बघत असे.

पुढे हरणाचं लग्न झालं. बायको शिवणकाम करणारी, घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन. हरणानं बंब चालवायचा परवाना काढला आणि तो चालक झाला. चालकाला बसून राहावं लागतं. चोवीस तासांची पाळी, मिळेल तेव्हा खायचं, मिळेल तेव्हा झोपायचं. बघता बघता चौसष्टचे सत्याऐंशी झाले, मग सत्त्याण्णव. दर वर्षी बायको त्याच्या गणवेशाची पँट उसवून कमरेत सैल करायची. हरणा म्हणे, "धुऊन आटली बहुतेक." ती म्हणे, "दर वर्षी आटते का हो? आणि फक्त कमरेतच?"

मित्रांनो, वजनाशी माझं भांडण नाही. मला वजन मोजता येत नाही आणि त्यात नाक खुपसायची इच्छाही नाही. माझं भांडण आहे अंगठ्याशी.

जुने साहेब निवृत्त झाले, नवे आले. यांचा अंगठा लोण्यासारखा मऊ, आणि बोलणंही तसंच. सगळ्यांना हवेसे वाटणारे. "आपलीच माणसं आहेत, सांभाळून घ्यायचं," हे त्यांचं पालुपद. पहिल्या वर्षी त्यांनी हरणासाठी मला पाच सेकंद उशिरा सुरू केलं. दुसऱ्या वर्षी शेवटच्या वळणावरच थांबवलं. तिसऱ्या वर्षी हरणा सातव्या फेरीत होता, जीभ बाहेर आलेली. साहेबांनी तबकडीकडे बघितलं, बारा मिनिटं पन्नास सेकंद झाले होते, आणि दाबलं! "झालं, झालं! बस कर हरणा, बसलास की तेरात!" हरणा तिथल्या तिथे थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून हसला. सगळे हसले. एक अख्खी फेरी बाकी होती हो! आणि हसतात काय!

मग तो शिरस्ताच झाला. केंद्रात पाच जुने जवान होते. पाचही जणांची वेळ दर वर्षी बारा-पन्नास. धावोत, चालोत, नाहीतर कठड्याला टेकून गप्पा मारोत. "बारा-पन्नास टाकून द्या ना साहेब," म्हटलं की काम झालं. शेवटी शेवटी तर मला सुरूही करत नसत. नुसतं हातात धरायचे, दिसायला बरं म्हणून. माझा जीव तीळ तीळ तुटत होता. पण बटणाला तोंड नसतं.

त्यानंतर ती आग लागली.

दुपारची वेळ होती. चार मजल्यांची इमारत, जिन्यातून धूर, चौथ्या मजल्यावर एक आजोबा अडकलेले. आत जाणाऱ्यांपैकी एक जण त्या दिवशी रजेवर होता. साहेबांनी वहीवरून केलेली यादी बघितली. हरणा, बारा-पन्नास. आत जायला पात्र! त्याला बंबावरून उतरवलं आणि मिशाळच्या जोडीला दिलं. मिशाळ म्हणजे हरणाचा अठरा वर्षांपासूनचा दोस्त, भरघोस मिशांचा. त्याची वेळ अकरा-वीस, आणि तो खरंच तेवढ्यात धावायचा. दोघांनी पाठीवर हवेचे सिलिंडर चढवले. मिशाळ पुढे, हरणा मागे, नळी हरणाच्या खांद्यावर. आत गेलेल्यांची हवा किती वेळ पुरेल ते मोजायला साहेबांनी मला सुरू केलं. या वेळी मात्र बरोबर वेळेवर दाबलं. जीव भ्याला की अंगठा सुधारतो.

मी मोजत होतो. एक मिनिट. दोन मिनिटं. आत काय झालं ते मला मागाहून कळलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हरणाचे पाय गेले. छाती भात्यासारखी हलू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पायरीवर बसला. नळी मांडीवर. वर मिशाळ पोचला होता. हरणा मागे आहे, पाणी आलंच, असं समजून तो खोलीत शिरला. आजोबांना खांद्यावर घेतलं, वळला, तर मागे ना हरणा, ना नळी. दाराची चौकट पेटलेली. तो तिच्यातून तसाच बाहेर आला. सात मिनिटं चाळीस सेकंदांनी तो आजोबांना घेऊन रस्त्यावर आला तेव्हा आजोबा खोकत होते, म्हणजे जिवंत होते. मागोमाग हरणा कठडा धरून उतरला. मिशाळचा उजवा हात मात्र बघवत नव्हता.

हॉस्पिटलात हरणा त्याला भेटायला गेला. मी साहेबांच्या खिशात होतो, म्हणून मला ऐकू आलं. मिशाळचा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, अर्धी मिशी जळालेली. हरणा रडत म्हणाला, "माफ कर. मला दम लागला रे."

मिशाळनं छताकडे नजर लावली. मग म्हणाला, "वहीत तर बारा-पन्नास होतं की रे तुझं."

हरणानं बाहीनं डोळे पुसले.

"मी ते वाचून आत गेलो. म्हटलं, हरणा आहे मागे, तेरात बसणारा गडी आहे. तुमची चाचणी चालायची तेव्हा मी बंबावर असायचो. मला काय माहीत, ते असंच लिहिलेलं होतं?" आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

पुढे चौकशी आली. बाहेरून एक मोठे अधिकारी आले, वही उघडून बसले. हा माणूस बारा-पन्नासमध्ये धावतो आणि दुसऱ्या मजल्यावर कोसळतो, हे कसं काय? साहेबांना घाम फुटला. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि खिशातून मला काढून टेबलावर आपटलं. "साहेब, हे घड्याळच जुनं झालंय हो. मागे पडतं. वेळ चुकीची दाखवतं."

मी मागे पडतो? मी? पंचवीस वर्षांत जो सेकंदाच्या पाचव्या भागानंसुद्धा चुकला नाही, तो मी? अरे, लाज कशी वाटली नाही! आणि हरणा तिथेच उभा होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" त्यानं बुटांकडे बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणाला. ज्याच्यासाठी मी जीव टाकत होतो, तोच माझ्या तोंडावर गप्प बसला. साहेबांनी टेबलावर आपटलं त्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

अहवालात लिहिलं गेलं, "जुने व सदोष घड्याळ." हरणाला आत जायच्या यादीतून काढलं. मिशाळ बरा होऊन आला, पण उजव्या अंगठ्यात जोर उरला नव्हता, म्हणून त्याला फोनवर बसवलं. नवं आकडे दाखवणारं घड्याळ आलं, आणि माझी रवानगी भंगाराच्या खोक्यात, फाटक्या मोज्यांच्या आणि गंजलेल्या नळांच्या बरोबर.

चार महिन्यांनी एक हात खोक्यात आला. अंगठा ओळखीचा नव्हता, कारण या माणसानं मला कधी दाबलंच नव्हतं. त्याच्यासाठी मला नेहमी दुसऱ्यानंच दाबलं होतं. तो हरणा होता.

घरी नेऊन त्यानं मला शिवणाच्या मशीनवर ठेवलं. बायकोनं चष्मा कपाळावर सरकवला. "केंद्रातली वस्तू घरी आणलीत?"

"भंगारात होती. मला पुन्हा धावायचंय. वेळ तू घे."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"माझा माझ्यावर भरवसा नाही. केंद्रातल्या कुणावरही नाही. तू गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेतेस ना, तसं घे."

आता ही बाई कशी, ते सांगतो. माप घेताना कुणी पोट आत ओढलं की ही टेप खाली ठेवते आणि म्हणते, "श्वास सोडा. पोट आत ओढून मला फसवाल, कपड्याला नाही फसवता येणार." पाच मिनिटं लागली तरी थांबते. माझा तिच्यावर पहिल्याच दिवशी जीव जडला. पण हरणावरचा राग गेला नव्हता, हे नोंदवून ठेवा.

घराजवळ एक शाळा होती. तिच्या कुंपणाला वळसा घालून धावायचं ठरलं. फेरी बरोबर तीनशे मीटरची हवी. ही बाई आपली शिवणाची टेप घेऊन गेली. दीड मीटरची टेप! वाकायचं, खडूची खूण करायची, पुन्हा वाकायचं. लोक थांबून बघायला लागले. एकानं विचारलं, "काय ताई, रस्त्याला सदरा शिवताय?" ती मान वर न करता म्हणाली, "एकशे बारा. बोलू नका, मोजणी चुकेल." कोपरे जरा बाहेरून घेत तिनं वळसा बरोबर दोनशे टेपांचा केला आणि रेघ मारली.

पहिल्या सकाळी हरणानं काय करावं? वीस वर्षांपूर्वीच्या ऐटीत सुटला! पाय बावीसचे, पोट बेचाळीसचं. अर्ध्या फेरीत तोंड लालभडक, पाऊण फेरीत कुंपणाला धरून ओकला. मी मनात म्हटलं, बरं झालं! मित्रांनो, खरंच म्हटलं. माझी जिरवलीस, आता तुझी जिरू दे. तिथे बसून तो बायकोकडे बघायला लागला. तीच जुनी नजर, साहेबांकडे बघायचा ती. बस कर म्हण, दाब, संपव. तिचे डोळे भरून आले होते. पण अंगठा जागचा हलला नाही. "रेघ तिकडे आहे," ती म्हणाली. तो उठला आणि चालत रेघेपर्यंत आला. तेव्हा तिनं दाबलं. एका फेरीला पाच मिनिटं बावीस सेकंद. एवढी वाईट वेळ मी जन्मात दाखवली नव्हती, आणि किती तरी वर्षांनी ती खरी होती.

मग रोज सकाळी. आधी दिव्याच्या एका खांबापर्यंत धावायचं, पुढचे दोन खांब चालायचं. मांड्या घासून सोलवटायच्या, नडग्या ठणकायच्या. दुधाच्या बाटल्या टाकणारी बाई त्याला चालत मागे टाकायची. आठवड्यांमागून आठवडे वजन तसूभर हलायचं नाही, आणि घरी येऊन तो माझ्याकडेच रागानं बघायचा! एकदा म्हणाला, "हे खरंच मागे पडतं की काय!" बायकोनं हातातली कात्री खाली ठेवली. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं नाही. खाटेवर बसला, हातात तोंड लपवून रडला, आणि चौकशीच्या दिवशी आपण कसे गप्प बसलो ते सगळं तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग मला काय सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." त्यानं त्याच दिवशी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. घड्याळ बरोबर होतं, मी फेऱ्या पूर्ण केल्या नव्हत्या, विचारलं तेव्हा गप्प बसलो, खाली सही. त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. पण ते लिहिताना त्यानं मला समोर ठेवलं होतं.

अकरा महिने गेले. सत्त्याण्णवचे त्र्याऐंशी झाले. बायको आता पँट आत घेत होती, दर वर्षी सैल केल्याच्या टाक्यांची भोकं कापडावर ओळीनं दिसत होती. एक फेरी, मग तीन, मग आठ. सतरा मिनिटं. पंधरा. चौदा-दहा. तेरा-तीस. तिथे आकडा अडला आणि चाचणीचा दिवस उजाडला.

त्या दिवशी हरणा मला घेऊन आधी फोनच्या टेबलापाशी गेला. दीड वर्षात मिशाळ त्याच्याशी कामापुरतंच बोलला होता. हरणानं मला समोर ठेवलं. "वेळ तू घेशील?"

मिशाळनं मला डाव्या हातात घेतलं, फिरवून बघितलं. "डाव्या अंगठ्यानं दाबावं लागेल. चालेल?"

"चालेल."

"मी दयामाया करणार नाही हं."

"करू नकोस. त्यासाठीच आलोय."

मैदानावर साहेब नवं घड्याळ घेऊन उभे होते. बाकीचे चार बारा-पन्नासवाले कठड्याला टेकले होते. हरणा सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, माझ्यासाठी हे जुनं घड्याळ. त्यात दोष नव्हता. दोष माझ्यात होता, आणि तुमच्या अंगठ्यात." साहेबांचं तोंड उतरलं. कठड्यावरून कुणीतरी पुटपुटलं, "याचं डोकं फिरलंय, आपल्यालाही गोत्यात आणणार."

मिशाळनं दाबलं आणि हरणा धावला. ऐट नाही, घाई नाही. पहिली फेरी, दुसरी, पाचवी. सातव्या फेरीत तो त्या जागी आला जिथे साहेबांनी मला मध्येच थांबवलं होतं, आणि पुढे गेला. आठव्या फेरीत मी बारा-पन्नासवर पोचलो. साहेबांनी हातातलं घड्याळ दाबून टाकलं आणि ओरडले, "बसला! बारा-पन्नास! वा रे हरणा!"

हरणा रेघेपासून पन्नास पावलं लांब होता. तो थांबला नाही. मिशाळ रेघेपाशी उकिडवा बसला, अगदी जुन्या साहेबांसारखा. अंगठा बटणावर. मी धावत होतो. बारा-पंचावन्न. तेरा. मित्रांनो, त्या क्षणी मलाही वाटलं, अडकावं, एखादं चाक दाताला दात लावून धरावं. वाटलं, कबूल करतो. पण मी चालत राहिलो. पाय रेघेवर पडला आणि मिशाळनं दाबलं.

तेरा मिनिटं चार सेकंद.

"अरे, चार सेकंदांचं काय घेऊन बसलात!" साहेब म्हणाले. "लिहितो मी बारा-पन्नास."

हरणाला बोलता येत नव्हतं. त्यानं वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, तेरा-चार, नापास. घामाचा एक थेंब आकड्यावर पडला. मग दम घेत घेत म्हणाला, "चार सेकंदांत किती पायऱ्या होतात, ते मिशाळला विचारा."

मिशाळनं मला रुमालानं पुसलं आणि हरणाच्या खिशात ठेवलं. "पुढच्या वेळी मीच घेणार वेळ," एवढंच म्हणाला. त्याची मिशी आता पुन्हा भरली आहे.

मित्रांनो, मला तेल नको, मखमली पेटी नको, जुनी वस्तू म्हणून कपाटातली जागा नको. आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या म्हणजे काचा पुसा, असं मी सांगणार नाही. माझ्यासाठी एवढंच करा, माणूस निघाला की दाबा आणि रेघ ओलांडली की दाबा. आधी नाही. तुमच्या प्रेमाखातर तर मुळीच नाही.

फेरचाचणी उद्या आहे. गेले तीन महिने हरणा रोज धावतोय. काल शाळेच्या कुंपणाभोवती त्याला पुन्हा तेरा मिनिटं लागली, बरोबर तेरा, म्हणजे अजून तेराच्या आत नाही. आत जायच्या यादीत तो परत येईल की नाही, मला माहीत नाही. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो मला आवडतो, हेही खरं. उद्या तो वळणावरून येताना दिसला की माझी चाकं थरथरतील. पण मी त्याला एक सेकंदही देणार नाही. आता त्यालाही तो नकोय.